आमचं पाणी आणि विहीणबाईंचं पाणी

मुलानं पुण्याहून फोन करून सांगितलं, "आई, मुलगी काठमांडूची आहे," तेव्हा मी सुपात तांदूळ घेऊन बसले होते. पाखडणं थांबवलं आणि विचारलं, "काठमांडू म्हणजे नेपाळ ना रे?"

"हो, तेच."

त्याच्याच कंपनीत ती कामाला होती. दोघांचं ठरलं होतं, आमच्या होकाराची तेवढी वाट होती. आमगावात आमचं पाइप, नळ आणि मोटारींचं दुकान आहे. संध्याकाळी मुलाचे बाबा दुकानातून आले तशी मी त्यांच्या कानावर घातलं. "लय दूर झालं," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. मला मात्र झोप लागेना. आमच्याकडची सोयरीक म्हणजे फार तर गोंदिया, तिरोडा, नाहीतर बालाघाट. कधी काही बिनसलं तर तासाभरात चार माणसं जाऊन बसतात, चहा होतो आणि मिटतं. इथं मिटवायला कोण जाणार? पासपोर्ट काढून? मुलगा हसला. म्हणाला, "नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, आई." त्यानं माझी काळजी काही कमी झाली नाही.

मग एका रविवारी सकाळी दोन्ही घरांचं व्हिडिओ फोनवर बोलणं ठरलं. मी बरी साडी नेसले, मुलाच्या बाबांना इस्त्रीचा शर्ट घालायला लावला. पलीकडे तेही तसेच सजून बसले होते. मुलीचे वडील भूगोलाचे निवृत्त मास्तर. डोक्यावर रंगीत टोपी, नाकावर चष्मा. आई सडपातळ, पाठ ताठ करून बसलेली. बोलणं हिंदीत. आमच्या गोंदियाकडे बाजारात पाऊल ठेवलं की हिंदीच कानावर पडते, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. अडचण होती ती बोलायचं काय याची.

"आप कैसे हैं?"

"ठीक हैं. आप?"

"हम भी ठीक हैं."

मुलीच्या आईनं विचारलं, आमच्याकडे उन्हाळा फार असतो ना. मी म्हटलं, असतो. तेवढ्यात त्यांच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "पानी आयो!"

ती बाई ताडकन उठली. आत गेली. मास्तर म्हणाले, "माफ कीजिए, दो मिनट," आणि तेही पळाले. त्यांचा फोन पडला असावा, कारण आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं. बादल्यांचा आवाज, पाइप ओढल्याचा आवाज, नवराबायकोची जोरजोरात नेपाळीत बोलाचाली. मला हसू आवरेना. आमचा नळही सकाळी थोडाच वेळ येतो. नळ आला म्हणून मी किती फोन अर्धवट ठेवलेत, किती पाहुण्यांना बैठकीत एकटं सोडलंय, एकदा तर सत्यनारायणाची कथा चालू असताना उठले होते. ती बाई उठली ती अगदी माझ्यासारखी उठली.

मुलाचे बाबा मात्र हसत नव्हते. कान देऊन फोनमधला मोटारीचा आवाज ऐकत होते. नुसतीच घरघर.

"मोटारीनं हवा धरली," ते मला म्हणाले. मग फोनला तोंड लावून ओरडले, "भाईसाहब! ओ भाईसाहब! मोटर बंद करो, जल जाएगी!"

छताच्या जागी मास्तरांचं तोंड आलं, तेही उलटं. मुलाच्या बाबांनी त्यांना समजावलं. आधी मोटार बंद करा. वरचा नट खोला. तांब्याभर पाणी आत ओता. नट घट्ट बसवा आणि मग बटन दाबा. मास्तर फोन घेऊन मोटारीपाशी गेले, विहीणबाईंनी पाना धरला. मी तेव्हाच मनात तिला विहीणबाई म्हणायला लागले होते. बटन दाबल्यावर आवाज बदलला, पाणी चढायला लागलं, आणि दोन्ही देशांतली माणसं एकदम "आलं, आलं" म्हणाली.

विहीणबाई पुन्हा येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या आणि ताठ पाठ सैल झाली होती. म्हणाल्या, "बुरा मत मानिए. हमारे यहाँ हफ्ते में एकाध बार आता है. छूट गया तो टैंकर बुलाना पड़ता है."

मी म्हटलं, "हमारे यहाँ तो रोज आता है, पर थोड़ी देर."

"रोज!" त्या नवऱ्याकडे वळल्या. "सुना आपने? रोज!"

आमगावच्या नळाचा मला आयुष्यात पहिल्यांदा अभिमान वाटला. फोन ठेवल्यावर मुलाचे बाबा म्हणाले, "लोक चांगले होत." लग्न तिथंच ठरलं म्हणायला हरकत नाही.

लग्न हिवाळ्यात आमच्याकडेच झालं. तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत विहीणबाईंशी बोलणं झालं नाही. पुढच्या मे महिन्यात मुलगा-सून सुटीवर आले, तेव्हा मास्तर आणि विहीणबाईही सीमेवरच्या रक्सौलपर्यंत बसनं आणि पुढे गाड्या बदलत आमच्याकडे राहायला आले. आमच्या मे महिन्यात शहाणा माणूस विदर्भात पाऊल टाकत नाही, पण त्यांना कोण सांगणार! मास्तरांनी पहिली दुपार कूलरसमोर काढली. मी दर थोड्या वेळानं कूलरमध्ये बादली ओतत होते, ते मास्तर बघत राहिले. शेवटी म्हणाले, "आप लोग तो पानी की हवा खाते हैं!"

आणि त्यांना येऊन धड आठवडा झाला नसेल, तोच रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं नळाची मोठी पाइपलाइन फोडली. सकाळी नळ सोडला तर नुसती हवा सुस्कारली. चौकशी केली तर दुरुस्ती कधी होईल ते कुणालाच सांगता येईना. आमच्या अंगणातली बोअर मे महिन्यात दोन बादल्या देते आणि मग दम खाते. गल्लीत लोक हसायला लागले, पाइपवाल्याच्याच घरी पानी नाही म्हणून.

मला रडूच येणं बाकी होतं. व्याही-विहीण पहिल्यांदा राहायला आलेले, कैरीचं पन्हं नि पाटवड्या करून घालायचे दिवस, आणि मला त्यांना आंघोळीला बादलीभर पाणी देता येत नव्हतं. मी मोरीपाशी उभी राहून रिकाम्या गुंड-घागरींकडे बघत होते. विहीणबाई आल्या. त्यांनी एकदा मोरीकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे, आणि ओढणी कमरेला बांधली.

"घर में जितने बर्तन हैं, सब निकालिए," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून माझ्या घरात पाण्याचा कारभार त्यांचा. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, तेच पुढे तुळशीला आणि कढीपत्त्याला. कपडे खळबळलेलं पाणी संडासात. आंघोळ परातीत बसून, म्हणजे खालचं पाणीही वाया जाऊ नये. प्यायचं पाणी वेगळं, उंचावर, त्याला फक्त त्यांचा नाहीतर माझा हात लागणार. कूलरला त्यांनी अंगावरचं ओलं फडकं असा पर्याय काढला, तो मात्र आमच्या घरच्या पुरुषांनी फेटाळला आणि त्यावर तडजोड होऊन कूलर फक्त भर दुपारी लावायचा ठरला. पहिल्या दिवशी मला जरा टोचलं. माझ्याच स्वयंपाकघरात मला कुणी सांगावं! पण दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की मी काळजी करायची विसरले आहे. आम्ही दोघी ओट्यापाशी बसून मोहाच्या फुलांपासून ते सुनेच्या लहानपणच्या खोड्यांपर्यंत बोलत होतो आणि बोअरनं दिलेल्या पाण्यात घर चालत होतं.

पुरुष छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसून वाद घालत होते. विषय तोच.

मुलाचे बाबा म्हणाले, "भाईसाहब, आपके पास हिमालय है. नदियाँ ही नदियाँ. फिर नल को पानी कायको नहीं?"

मास्तर म्हणाले, "नदी नीचे है, शहर ऊपर है. और आपके यहाँ? इतने तालाब, इतनी नदियाँ, फिर आज नल क्यों सूखा है?"

"तो जेसीबीनं फोडला!"

सून मध्ये पडली. फोनवर कुठलंसं पान काढून वाचायला लागली. कुठला देश नद्यांतून, तलावांतून, जमिनीखालून किती गोडं पाणी उपसतो आणि त्यातलं किती नळानं लोकांच्या घरी पोचतं, अशी त्यात तुलना होती. दोन्ही देशांत जवळजवळ सगळं पाणी शेतीला जातं. नळाच्या वाट्याला येतं ते चिमूटभर, आणि नेपाळात ती चिमूट आणखी लहान. हे ऐकून मुलाच्या बाबांनी मांडीवर थाप मारली.

"पाहा! आमचं जास्त."

"आदमी भी तो आपके ज्यादा हैं," मास्तर म्हणाले. "हर आदमी के हिसाब से देखिए."

सुनेनं माणशी हिशेब काढला. तरी भारताचंच बरंच जास्त निघालं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "इसमें टैंकर गिना है? पत्थर की धारा गिनी है, जहाँ आज भी लोग पानी भरते हैं? मेरी बीवी बचपन में जो गागर ढोती थी, वह गिनी है?"

"पापा, वह सब तो नहीं लिखा."

"फिर यह हिसाब ही गलत है."

यावर मुलाच्या बाबांना एकाएकी त्यांचा कळवळा आला. "बराबर है. अपनी बोअर भी नहीं गिनी होगी. गाव-गाव की विहिरी कौन गिनेगा?" मग दोघे मिळून त्या पानावरच तुटून पडले.

आतून विहीणबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "बेटी, मोबाइल में यह भी देख ले, इन दोनों ने आज कितना पानी भरा."

सून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. थोड्या वेळानं दोघे व्याही उठले, चार बादल्या घेतल्या आणि चौकातल्या बोरिंगवर निघाले. आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. मी धावत दारात गेले. "अवो, तुमी कायले नेता त्यायले? व्याही होत ते!" पण तोवर ते कोपऱ्यावर पोचले होते.

बोरिंगवर बायांची रांग होती. मी घागर घेऊन मागून गेले, निदान लाज झाकायला. शेजारच्या म्हातारीनं मला बाजूला ओढलं.

"कोन होय वो हा टोपीवाला?"

"माझे व्याही. सुनेचे वडील."

"अन् व्याह्याले पानी भरायले लावलं तुमी?" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "काऊन वो बाई, अशी रीत असते का?"

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मास्तरांना मराठी शब्द कळले नसतील, पण म्हातारीचा हात कळला. त्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "माताजी, हमारे यहाँ इससे दस गुना बड़ी लाइन होती है. आज तो मैं मेहमान जैसा खड़ा हूँ." बाया खदखदून हसल्या. म्हातारीही हसली. एकीनं त्यांना पुढे यायला जागा केली, तर ते जाईनात. मुलाचे बाबा मात्र गुपचूप पुढे सरकायला लागले, तशी तीच बाई त्यांच्यावर ओरडली, "ओ पाइपवाले भाऊ, तुमी मांगं राहा! तुमी कवा आले होते पानी भरायले?" आणि खरंच, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्यांना बोरिंगवर कधी पाहिलं नव्हतं.

दोघांनी आळीपाळीनं दांडा मारला. घामानं निथळत, एकेका हातात एकेक बादली घेऊन घरी आले तेव्हा बादल्या अर्ध्याच होत्या. विहीणबाईंनी आत डोकावून पाहिलं. "रास्ते में किसको पिलाया?"

पण दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता दोघं सकाळीच निघाले. पाइप दुरुस्त होईपर्यंत रोज जात राहिले. व्याह्याव्याह्यांमध्ये आमच्याकडे एक ताठपणा असतो, मान द्यायचा, मान घ्यायचा, जपून बोलायचं. तो बोरिंगवर कुठेतरी सांडून गेला. चौथ्या की पाचव्या दिवशी मी पाहिलं, मास्तर मुलाच्या बाबांना दांडा कसा मारायचा ते शिकवत होते आणि हे, ज्यांनी आयुष्यभर हातपंपांचे सुटे भाग विकले, निमूटपणे ऐकून घेत होते.

नळ आल्यावर आम्ही त्यांना नवेगाव बांधचा तलाव दाखवायला घेऊन गेलो. मास्तरांना तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं केलं. मे महिन्यातही समोर पाणी, पलीकडे जंगल, मधे एक मासेवाल्याची डोंगी. मग त्यांनी विचारलं, हा तलाव सरकारनं बांधला का? मुलाचे बाबा म्हणाले, "नहीं. बहुत पुराना है. गाव के लोगों ने बाँधा, धान के लिए." मास्तर खाली बसले. म्हणाले, आमच्या शहरातही अशी जुनी कामं आहेत, दगडी धारा. जमिनीच्या खाली उतरून जायचं आणि तोटीतून पाणी घ्यायचं. "आइए, दिखाऊँगा."

आम्ही गेलो. घरच्या शेतीचं धान विकून झालं, दुकान भाच्यावर टाकलं आणि थंडीत काठमांडूला पोचलो. मी आयुष्यात पहिल्यांदा देश सोडला आणि सीमेवर मला कुणी काही विचारलंही नाही, याचं मला थोडं वाईट वाटलं.

त्यांचं घर उंच आणि अरुंद. मुलाच्या बाबांनी चहाचा कप हातात घेतला आणि थेट पाणी बघायला निघाले. फरशीखाली एक टाकी. गच्चीवर दोन काळ्या टाक्या. छपराच्या कडेला पन्हळ, तिला पाइप, पाइप एका पिंपात, पिंपात वाळू आणि गोटे, तिथून खालच्या टाकीत. पावसाळ्याचं पाणी असं साठवायचं. दूरच्या नदीचं पाणी डोंगर पोखरून शहरात आणलंय, पण ऐन पावसाळ्यात नदी दगडगोटे आणते म्हणून तेच बंद ठेवावं लागतं, असं मास्तर सांगत होते. मुलाचे बाबा ऐकत नव्हते. ते पन्हळीचे जोड हातानं चाचपत होते. म्हणाले, "मी एवढ्या पाइपा विकल्या, पन आपल्या घराच्या छताले एक नाही लावली."

परतायच्या आदल्या दिवशी विहीणबाई मला दगडी धारेवर घेऊन गेल्या. रस्त्यापासून पायऱ्या उतरत खाली जायचं. खाली दगडी चौक आणि भिंतीतून पुढे आलेली दगडी तोंडं. काही कोरडी होती, दोन वाहत होती, बोटभर धारेनं. वर गाड्यांचा गोंगाट, खाली मात्र पाण्याचाच आवाज. बाया कळशा लावून बसल्या होत्या. विहीणबाई लहान असताना रोज शाळेआधी इथून गागर नेत. तेव्हा धार मनगटाएवढी होती, असं त्यांनी मनगट धरून दाखवलं. मी विचारलं, वाईट वाटतं का. म्हणाल्या, वाटतं, पण चालू तर आहे.

मी ओंजळ धरली. बाहेर एवढी थंडी, आणि पाणी कोमट! कामठ्याला, माझ्या माहेरी, विहिरीचं पाणी पौषात असंच कोमट लागतं, वाफा निघतात. मी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, चपला काढून पायही भिजवले. बाया बघत होत्या. एकीनं विचारलं, ही कोण? विहीणबाई म्हणाल्या, "मेरी सम्धिनी," म्हणजे माझी विहीण, आणि माझ्या हातात कळशी दिली. आम्ही दोघी रांगेत बसलो. घाई कुणालाच नव्हती.

घरी येऊन त्या पाण्यात मी वरण लावलं. तुरीची डाळ आमगावाहून नेली होती. पुरुषांची तुलना माणशी हिशेबाची, आमची दुसरी. आमच्या बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, चहावर तवंग येतो, केस चिकटतात. तिथं दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी झाली. मी झाकण उघडून पाहिलं आणि कबूल केलं, "पानी आपका अच्छा है."

"पीने में आपके नल का मीठा है," त्या म्हणाल्या. "मैंने पिछली बार बोतल में भरकर गाड़ी में भी पिया था."

वर तूप घालून वरण-भात वाढला. मास्तरांनी तीनदा भात घेतला. मुलाच्या बाबांचं लक्ष जेवणात नव्हतं. ते कागदाच्या पाठीवर आमच्या घराचं छप्पर काढत होते आणि कोपऱ्याला किती इंची पाइप बसेल ते मास्तरांना विचारत होते. मास्तर उष्ट्या बोटानं रेघ सुधारत होते. कागदावर तूप लागलं.

"जेवा आधी," मी म्हटलं.

"जेवून राहिलो ना," ते म्हणाले, आणि पुन्हा रेघ ओढली.